एकादशीला पुरणपोळी वाचली तर

एकादशीच्या दिवशी पुरणपोळीची कृती वाचली तर उपास मोडतो का?

हा प्रश्न आमच्या पारावर एकदा निघाला आणि तासभर चालला. निघायचं कारण मी. माझ्या पिशवीत सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर पाकशास्त्राचं एखादं पुस्तक असतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. एक माळकरी म्हातारा म्हणाला, "मनानं खाल्लं म्हंजी खाल्लंच. देव काय पोटात बघतोय व्हय?" त्यावर दुसरा म्हणाला, "मग आमी रोज मनानं ऊस लावतोय, कारखान्यानं बिल द्यावं की." हसणं झालं, चहा झाला, निकाल काही लागला नाही.

घरी आल्यावर तोच प्रश्न बायकोला विचारला. ती शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचा उपास मोडत न्हाई. पर वाचून झालं की 'लाडू हाय का एखादा' म्हणून इचारता, तवा माझी बसलेली मांडी मोडती."

पारावरच्या तासभराच्या चर्चेपेक्षा हे उत्तर पुढचं आहे. त्याच्याकडं मी वळणार आहे, पण आधी माझी बाजू सांगतो.

माझ्याकडं पाकशास्त्राची लहानमोठी सतरा पुस्तकं आहेत. त्यांतला एकही पदार्थ आमच्या घरात पुस्तकाबरहुकूम झालेला नाही. मला चहा येतो, पिठलं येतं, रानात आर पाडून वांगं भाजता येतं. माझा स्वयंपाक तिथं संपतो. तरी ही पुस्तकं मी पुन्हा पुन्हा वाचतो, काहींची पानं सुटलीत. लोकांना हे चमत्कारिक वाटतं. नांगर न धरता नांगरटीचं पुस्तक वाचणारा कोणी भेटला तर मलाही वाटेल.

पहिलं पुस्तक बायकोच्या रुखवतात आलं. साल १९८२. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. ते १९७० साली निघालेलं. बायकोच्या पुण्याच्या मावशीनं हौसेनं दिलेलं. बायकोनं ते ट्रंकेत तळाशी ठेवलं आणि वर साड्या रचल्या. ते बाहेर काढलं मी, विहिरीवर न्यायला. आमच्याकडं शेतीची लाईट रात्रीची. दहाला येणार म्हणायचे आणि एकला यायची. तोवर खोपीत कंदिलाच्या उजेडात काहीतरी वाचायला हवं. पोथी वाचली की डोळा लागायचा. कादंबरी वाचली की लाईट आलेली कळायची नाही. पाककृतीचं बरं. एक पान, एक पदार्थ. मोटार धरली की कुठंही पुस्तक मिटावं आणि दारं धरायला जावं. पदार्थ अर्धाकच्चा राहिला तरी कुणाचं काही करपत नाही.

ओगलेबाईंनी मापं धरली ती वाटीची आणि चमच्याची. त्यामुळं मला ते पुस्तक परकं वाटलं नाही. आमची आई मुठीनं, पशानं आणि मापट्यानं मोजायची. तराजू आमच्या घरात फक्त शेंगा विकायच्या दिवशी दिसायचा, तोही व्यापाऱ्याचा.

पुढं तालुक्याच्या वाचनालयात लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हाती आलं. ते मूळ १९१० सालचं. एक हजार! रोज एक करायची म्हटली तरी पावणेतीन वर्षं लागतील, आणि तेवढ्यात घरातली माणसं भाकरी-कालवण मागत दारात उभी राहतील. हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुणी केलं नसणार. वाचलं मात्र पुष्कळांनी असेल. तेव्हापासून मला माझ्या नादाचं काही वाटेनासं झालं.

मला सगळ्यांत आवडते ती साहित्याची यादी. शेतकऱ्यानं वाचली तर ती यादी राहत नाही. 'दोन वाट्या ज्वारीचं पीठ' असं एका ओळीत येतं आणि मी तिथंच थांबतो. आमच्या माण तालुक्यात ज्वारी पेरायची ती परतीच्या पावसाच्या भरवशावर. तो आला तर आला. पुढं ती थंडीवर आणि जमिनीतल्या ओलीवर पोसायची. कणसात दाणा भरला की पाखरांसाठी माळ्यावर गोफण घेऊन उभं राहायचं. मग काढणी, कणसं मोडणी, मळणी, उफणणी. चार-साडेचार महिने गेले, आणि दोन वाट्या पीठ झालं. पुस्तक खाली म्हणतं, लागणारा वेळ : वीस मिनिटं. मी एकटाच हसतो.

तसंच 'दोन मध्यम कांदे'. बाजार समितीत मध्यम म्हटलं की भाव खाली. गोल्टीचा ढीग तर व्यापारी पायानं ढकलून बघतो. इथं मात्र मध्यम कांद्याला मान आहे, दर दुसऱ्या पानावर त्याला आवतण आहे. वर्षभर मातीमोल विकलेल्या मालाचं कुणीतरी इतक्या प्रेमानं नाव घेतं, बारीक चिरतं, गुलाबीसर परततं, हे वाचायला बरं वाटतं. आपला माल कुठंतरी मुक्कामाला पोचला असं वाटतं.

आणि 'चवीनुसार मीठ'. या शब्दावर माझा फार जीव आहे. वाचणाऱ्यावर एवढा विश्वास दुसऱ्या कुठल्या पुस्तकात टाकलेला मी पाहिला नाही. खताच्या पत्रकावर एकरी किती पिशव्या ते ठोकून छापलेलं असतं. 'रानानुसार' असं लिहायचा धीर कुणी केलेला नाही.

मग करून का बघत नाही, असं लोक विचारतात. त्याचं एक कारण अगदी साधं आहे. पुस्तकात आधी पदार्थ ठरतो, मग त्याचं साहित्य आणायचं असतं. आमच्या चुलीवर उलटं. बांधावर तांदुळजा उगवलाय, घोळ पसरलीय, पाथरी कोवळी आहे, म्हणून आज ती भाजी. हुलगं निघालंय म्हणून थंडीत माडगं, नाहीतर शेंगोळी. घरात काय आहे ते बघून बाई ठरवते. ज्या घरात मागेल ते साहित्य मिळतं त्या घरासाठी ती पुस्तकं आहेत. वाईट काही नाही त्यात. पण मला ती परगावच्या माणसाच्या गोष्टीसारखी वाचावी लागतात. हा माणूस आपल्याकडं राहायला येणार नाही, पण त्याच्या घरी कसं चालतं ते ऐकायला मजा येते.

बायकोचं वाचन वेगळं. ती पुस्तक हातात घेत नाही, मी मोठ्यानं वाचतो आणि ती भांडी आवरत ऐकते. मध्येच म्हणते, "पाणी जादा सांगितलंय. धरायचं न्हाई ते." किंवा, "आधी जिरं आन् मग हळद म्हना, उलटं वाचलासा." मी बघतो तर तिचंच बरोबर असतं. मी एक पान वाचेस्तोवर तिचा पदार्थ शिजून, उतरून, झाकण पडलेलं असतं. हात कोरडे. तिनं 'रुचिरा'तलं काहीच केलं नाही असं मी म्हणतो ते एका अर्थानं खोटंच आहे.

आता आक्षेपाकडं येतो. मराठीत त्याला तयार शब्द आहेत. मनातले मांडे. तुकोबांनी तर बोलाच्या कढीचा आणि बोलाच्या भाताचा निकाल कधीच लावून टाकलाय. नुसतं बोलून आजवर कुणाचं पोट भरलेलं नाही, हे मला मान्य आहे. पण तुकोबांचा राग बोलून तृप्त झाल्याचं सोंग करणाऱ्यावर आहे, असं मला वाटतं. मी तृप्त होत नाही आणि झालो असं म्हणतही नाही. वाचून उठलो की भाकरीच खातो.

मांड्यांचंच सांगतो. मी ते कित्येक वर्षं नुसते वाचले होते. पुढं एका लग्नाला खानदेशात, धरणगावाकडं जायचा योग आला. परसात चूल पेटलेली, तीवर उपडं मातीचं खापर, आणि एक थोराड बाई पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत वाढवत होती. मनगटापर्यंत आला, कोपरापर्यंत आला, पार अंगावरल्या उपरण्याएवढा झाला, तरी फाटेना. मग तिनं तो अलगद खापरावर सोडला. बाकीचे पाहुणे मंडपात गप्पा मारत होते. मी तिथं अर्धा तास उभा राहिलो, कारण कणीक किती सैल लागते, ती किती वेळ तिंबावी लागते आणि कुठल्या क्षणी उंडा फाटतो ते मी वाचलेलं होतं. न वाचता गेलो असतो तर दोन मांडे खाऊन हात धुतले असते. त्या बाईच्या हातात काय आहे हे मला पुस्तकानं आधीच सांगून ठेवलं होतं.

तरी हे झालं पोट भरलेल्या माणसाचं. उपाशी माणसानं जेवणाच्या गोष्टी कराव्यात का? तिथं ही चैन नाही का होत, किंवा स्वतःचीच थट्टा?

याचं उत्तर मी तेराव्या वर्षी ऐकलंय. ७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायच्या कामावर जायची आणि शाळा नसली की पाटी उचलायला मीही. रेशनवर अमेरिकेचा मिलो मिळायचा, त्याची तांबडी भाकरी. थापताना चिरायची, खाताना घशात अडायची. कामावर सुकडी वाटायचे. दुपारच्या सुट्टीत बायका लिंबाखाली बसायच्या आणि एखादी म्हणायची, "आज काय करायचं गं?" दुसरी म्हणायची, "आज बेंदूर हाय. पुरान घालू." मग सगळ्या मिळून घालायच्या. डाळ किती? मापटंभर. शिजायला घाल. येळवणी काढ, आमटीला लागंल. एकदा गूळ डाळ वाटायच्या आधी घालायचा का मागनं, यावरून आई आणि शेजारची काकू अशा भांडल्या की दोन दिवस बोलल्या नाहीत. डाळीचा दाणा दोघींच्याही घरात नव्हता.

मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता त्यात काय होतं ते थोडं कळतं. त्या बायांच्या हातात हातोडी होती, हजेरीपटावर त्यांचा नुसता एक आकडा होता. पुरण घालणाऱ्या होत्या त्या फक्त त्या लिंबाखाली. गूळ आधी का मागनं, यात आपलं मत आहे आणि ते मत वाद घालण्याइतकं मोलाचं आहे, एवढं त्यांनी दुष्काळाला नेऊ दिलं नाही. पोट भरत नव्हतंच, ते त्यांनाही माहीत होतं. ७३ ला पाऊस झाला. दसऱ्याला आईनं पुरण घातलं, गूळ आधी घातला, आणि काकूला वाटी भरून मुद्दाम पाठवलं.

म्हणून नुसत्या बोलण्या-वाचण्याला कोणी पाप म्हटलं की मला पटत नाही. पण बायकोची मोडलेली मांडी शिल्लक राहते. तिथं प्रश्न खरा अवघड आहे. वाचायचा आनंद माझा आणि उठायचे कष्ट तिचे, ही वाटणी बरोबर नाही. जो चुलीपुढं उभा राहत नाही त्यालाच 'मंद आचेवर ढवळत राहावे' हे वाक्य गोड लागतं. ढवळणाऱ्याच्या खांद्याला विचारा. आजकाल मोबाईलवर नवरे पदार्थ बघतात आणि तिथल्या तिथं बायकोपुढं धरतात, हे कर. ती रानातून आत्ताच आलेली असते. बघायचा आनंद तिथंच संपतो आणि हुकूम सुरू होतो. आमच्या घरात एक रीत आहे, बायकोनंच घालून दिलेली. वाचून दाखवायचं, पण 'करतीस का' हा शब्द काढायचा नाही. वाटलंच तर ती आपण होऊन करते, आणि ते पुस्तकासारखं कधीच नसतं. चुलीपुढं उभं न राहणाऱ्यानं ही पुस्तकं वाचावीत ती या अटीवर. माझं तर मत असं की ती नुसती वाचायचीच पुस्तकं आहेत असं मानलं तर घरात भांडणं कमी होतील.

अजून एक बाजू आहे, आणि मला ती उशिरा भेटली. ही पुस्तकं वाचता वाचता कळतं की त्यांत काय नाही. आमचं माडगं मला बरीच वर्षं कुठं सापडलं नाही. कण्या नाहीत, कळणा नाही. छापलेलं ते जेवण आणि न छापलेलं ते नुसतं पोट भरणं, अशी काहीतरी विभागणी आपोआप होऊन बसते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ केला. त्यात राजाच्या जेवणाचं प्रकरण आहे, मांडे आहेत, वडे आहेत, आणि नदीकाठच्या शेतातले काळे उंदीर कसे शिजवायचे तेही आहे. राजानं खाल्ला तर ग्रंथात जातो. आमच्याकडं रानातला उंदीर पकडून भाजणाऱ्या माणसाला गावानं काय नावं ठेवली ती मी लहानपणी ऐकलीत. उंदीर तोच, शेतही जवळपास तेच.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक मी दोन रात्रींत वाचलं. ते २०१५ साली निघालं. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं जेवण, त्याच्या रीती, कृती, काय मिळायचं आणि काय मिळायचं नाही, मांस वाळवून कसं पुरवायचं, सगळं सरळ लिहिलंय. आमच्या गावात ती वस्ती ओढ्यापलीकडं. माझ्या लहानपणी आमच्या आळीतलं कोणी तिकडं जेवायला जात नव्हतं. तिकडचा माझा एक वर्गमित्र, पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावरचा, एसटीतून निवृत्त होऊन गावी आलेला. त्याच्याबरोबर मी स्टँडवरच्या हॉटेलात शेकडो वेळा खाल्लंय, त्याच्या पोराच्या लग्नात पंगतीला बसलोय. पण हॉटेलात आचारी, लग्नात आचारी. त्याच्या घरच्या चुलीवरचं मला माहीत नव्हतं. जे माहीत झालं ते या पुस्तकातून.

पुस्तक त्याला दिलं. आठवड्यानं त्यानं परत आणलं. मी विचारलं, "यातलं तुझ्या घरी काय काय व्हायचं?"

तो म्हणाला, "बरंच व्हायचं. काही चांगलं होतं, त्याची आठवण आली. काही आईनं कसं गिळायला लावलं ते आठवलं."

"आता करता का?"

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चांगलं ते करतो. पर काही खायला लागू नये म्हणूनच मी शिकलो ना लेका. ते कशापायी करू? ते लिवलेलं हाय ते बेस झालं. पोरांनी वाचावं. करायला लावू नये त्यांना कुणी."

मला एकदम मिलोची भाकरी आठवली. तिची कृती कोणी लिहिली तर मी वाचीन, नातवाला वाचून दाखवीन. घरात ती परत थापली जावी असं मला कधीही वाटणार नाही. न करता नुसतं वाचण्याला लोक हसतात, पण काही पदार्थांची खरी जागा कागदावरच आहे. चुलीवरून ते उठले हे चांगलं झालं, आणि कागदावरूनही उठले तर वाईट होईल. माझ्या सतरा पुस्तकांत असा विचार मला कुणी सांगितला नव्हता. तो एसटीच्या कंडक्टरनं सांगितला.

जायला निघताना तो म्हणाला, "वाचलंस ते ठीक हाय. ऐतवारी जेवायला ये. वाचून आमच्या घरातलं मीठ कळायचं न्हाई तुला." हे वाक्य मला लागलं असं म्हणणार नाही, पण ते मी घरापर्यंत घोळवत आलो. माझ्या सगळ्या युक्तिवादात एक भोक होतं, ते त्यानं बरोबर हेरलं होतं. खानदेशच्या मांड्यांबद्दल वाचून थांबलं तर चालतं, खानदेश दीडशे कोसांवर आहे. ओढा ओलांडायला पाच मिनिटं लागतात.

रविवारी आम्ही दोघं गेलो. बायकोनं जाताना घरच्या मटकीचं पुडकं घेतलं. वहिनींनी बोंबील घालून वांगं केलं होतं, बाजरीची भाकरी, आणि जवसाची चटणी. जवस आमच्याकडं खरपूस भाजतात, त्यांनी जरा कमी भाजलं होतं आणि लसूण जास्त होता. बायकोनं एक घास खाल्ला आणि वहिनींकडं बघून विचारलं, "जवस उतरवून मग मीठ घातलंसा का आधी?" आणि मग त्या दोघी जे बोलायला बसल्या ते चार वाजेपर्यंत. मी कोपऱ्यात खिशातून कागद काढून काही लिहून घेत होतो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ठेवा ते. खावंसं वाटलं की यायचं." मित्र हसत हसत माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकून मोकळा झाला.